सॅम्पल आणलं का? जुन्या फियाटचे पार्ट जुन्या दुकानदारांकडून कसे मिळवायचे

चाचांच्या दुकानात "काय पाहिजे?" असं कुणी विचारत नसे. चाचा चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "सॅम्पल आणलं?" नाही म्हटलं की डोकं परत वर्तमानपत्रात. १९८१ साल असेल, मी सातवीत होते. अप्पांनी मला सारडा सर्कलजवळच्या त्या दुकानात फियाटच्या व्हील सिलिंडरचं किट आणायला सायकलवर पिटाळलं होतं आणि मी हात हलवत परत आले. अप्पा रागावले नाहीत. गाडीखालूनच त्यांनी ब्रेक ऑइलने ओला झालेला रबरी वॉशर माझ्या तळहातावर ठेवला. "हा दाखव. तोंडाने काही बोलू नकोस."

चाचांनी तो वॉशर अंगठा आणि तर्जनीत दाबला, काठ उलटवून पाहिला, पोटात उठवलेला आकडा नखाने घासून वाचला आणि मागच्या फळीवरून पिवळं पडलेलं एक खोकं काढलं. सगळी खोकी सारखीच दिसत होती, पण त्यांचा हात बरोबर त्याच खोक्यावर गेला. मला काय बोलावं कळेना. ते म्हणाले, "बेबी, पप्पांना सांग, चारी चाकांचे एकदम बदला. एक बदलला की दुसरा रुसतो."

अप्पांची नाशिक-मुंबई टॅक्सी होती. द्वारकेवरून सवारी भरायची, कसारा घाट उतरायचा, रात्री परत. गाडी १९७९ची प्रीमियर पद्मिनी, जिला सगळे फियाटच म्हणतात, स्टेअरिंगवरचा गिअर. धंदा सोडला तेव्हा त्यांनी ती खासगी करून घेतली आणि अप्पांच्या माघारी ती माझ्याकडे आली. मी बँकेत कॅशियर होते, व्हीआरएस घेतली. गाडी अजून सकाळी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन येते. त्यामुळे जुनी फियाट किंवा अँबेसेडर घेऊन बसलेली तरुण मुलं मला विचारतात, "काकू, दुकानदार मला म्हणतो माल नाही, आणि तुम्हाला तोच माल कसा देतो?"

तुम्हाला तो खोटं सांगतो, कारण तुमची गाडी चालते यावर त्याचा विश्वास बसलेला नसतो. जुन्या दुकानदाराला दोन गोष्टींचा धसका असतो. एक, चुकीचा पार्ट नेऊन तो खोकं फाडून परत आणणारा गिऱ्हाईक. दुसरा त्याहून वाईट: चाळीस वर्षं जपलेला पार्ट नेऊन काचेच्या कपाटात ठेवणारा, किंवा दुप्पट भावाने दुसऱ्याला विकणारा. आपला पार्ट रस्त्यावरच्या गाडीत बसणार आहे असं त्याला वाटलं की पोटमाळ्याची शिडी आपोआप लागते. खाली जे काही सांगते आहे ते सगळं तेवढ्यासाठीच.

घरातून निघण्याआधी

आधी यादी करा आणि त्यातलं निम्मं खोडा. बेअरिंग, ऑइल सील, फॅन बेल्ट, बल्ब या गोष्टींसाठी जुन्या दुकानदाराचा वेळ खाऊ नका. बेअरिंगच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो. ६२०२ म्हणजे आतून १५, बाहेरून ३५, जाडी ११ मिलिमीटर. ६२०३ म्हणजे १७, ४०, १२. ते जगातल्या कुठल्याही कंपनीचं चालतं आणि कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. ऑइल सीलचंही तसंच: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. जुन्या दुकानात जाऊन "शेठ, डायनामोचं बेअरिंग आहे का" विचारलंत की तुम्ही नवखे आहात हे त्याला लगेच कळतं.

उरलेल्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीचं सॅम्पल सोबत घ्या. ते किती पुसायचं याला महत्त्व आहे. रॉकेलात बुडवून चिंधीने पुसा, बस्स. तारेचा ब्रश मारू नका, पॉलिश पेपर तर नाहीच. कोरलेले आकडे त्याने जातात आणि झिजल्याचा पट्टाही जातो. दुकानदार तो पट्टाच वाचतो. एका बाजूने झिजलेला बुश (शाफ्ट किंवा पिन ज्यात फिरते ती नळी) पाहून चाचांनी एकाला पार्ट दिलाच नव्हता. "आधी हाऊसिंग बघ, वाकडं असेल. नवीन बुश दोन महिन्यांत असाच होईल." रबरी पार्ट मात्र रॉकेल-पेट्रोलने पुसायचे नाहीत. ब्रेकचं रबर त्याने फुगतं आणि फुगलेल्या सॅम्पलवरून साइज चुकते. ते ब्रेक ऑइलनेच धुवा.

सोबत एक चिठ्ठी असू द्या. गाडीचं साल, इंजिन नंबर, गिअर स्टेअरिंगवर की खाली, बॅटरी चार्ज करायला डायनामो आहे की अल्टरनेटर. आणि बाजू. डावी-उजवी म्हणू नका, त्यात हमखास घोळ होतो, कारण कुणी समोरून पाहतं, कुणी आत बसून. ड्रायव्हर साइड आणि क्लिनर साइड म्हणा. चुकायला जागाच राहत नाही.

साल कशाला लागतं? या गाडीचं इंजिन वर्षानुवर्षं तेच राहिलं. १०८९ सीसी, बोर ६८, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. फियाट डिलाइटचं तेच आणि पद्मिनीचंही तेच. म्हणून लोकांना वाटतं की सगळं सगळ्याला बसतं. इंजिनच्या आतलं पुष्कळ बसतं, पण वायरिंग, दिवे, ब्रेक, दरवाजाची कुलपं यांत मधल्या वर्षांत बदल होत गेले. आणि डुक्कर फियाट, म्हणजे पुढून तोंड पुढे आलेली, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, ती तर बॉडीच्या बाबतीत वेगळंच प्रकरण. तिचे मालक वेगळे, त्यांचे दुकानदार वेगळे, आणि खरं सांगायचं तर त्यांचा तोराही वेगळा.

इंजिन कधी उघडलेलं असेल तर त्याची माहितीही चिठ्ठीत हवी. क्रँकवर बसणाऱ्या बेअरिंगच्या (वर सांगितलेली कड्यांची नव्हेत) पाठीवर साइज ठोकलेली असते: स्टँडर्ड, दहा थाऊ, वीस थाऊ. दहा थाऊ म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, ०.२५४ मिलिमीटर. क्रँक किती थाऊ घासलाय हे माहीत नसताना बेअरिंग मागायला गेलात तर कुठलाही शहाणा दुकानदार देणार नाही, आणि देईल त्याच्याकडून घेऊ नका.

काउंटरवर

वेळ सांभाळा. शटर उघडल्या उघडल्या जाऊ नका. भवानी व्हायच्या आधी नुसती चौकशी करणारा माणूस कुणालाच आवडत नाही. दिवेलागणीला परत करायचा पार्ट घेऊन जाऊ नका. साडेअकरा ते एक ही वेळ चांगली. मेकॅनिकांची पोरं सकाळचा माल घेऊन गेलेली असतात आणि जेवणाचा डबा अजून उघडलेला नसतो. चाचांकडे शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ सोडून जायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, दोनदा बंद शटर बघून शिकले.

सॅम्पल काउंटरवर ठेवा आणि थांबा. अप्पांचं "तोंडाने काही बोलू नकोस" मला तेव्हा अपमानासारखं वाटलं होतं, पण त्यात फार शहाणपण होतं. दुकानदार वस्तू हातात घेतो, फिरवतो, त्याला काहीतरी आठवतं. त्या अर्ध्या मिनिटात तुम्ही "इंटरनेटवर तर असं लिहिलंय" म्हणालात की संपलं. तो प्रश्न विचारेल, त्याची सरळ उत्तरं द्या. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं त्याने आयुष्यभर पाहिलेली असतात. गाडी स्वतःची नसेल तर नाही म्हणा. स्वतः खोलली नसेल तर मेकॅनिकचं नाव सांगा. आपल्या गावात मेकॅनिकचं नाव हीच खरी ओळख.

एका वेळी एकच पार्ट मागा. दहा पार्टची यादी पुढे केली की तुम्ही व्यापारी दिसता. पहिल्या दोन खेपांत छोटं काहीतरी घ्या, पॅकिंग, स्प्रिंग, ग्रीस निपल, आणि ते बसवल्यावर कसं झालं ते पुढच्या वेळी येऊन सांगा. सांगायला लोक विसरतात. चाचांना पैसे मिळाल्यावर जेवढं बरं वाटायचं त्याहून जास्त "बसला बरोबर, आता आवाज गेला" ऐकून वाटायचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला विचारा, "चाचा, फियाटचं अजून काही पडलंय का?" फोटो न विचारता काढू नका. फळ्यांचा फोटो तर नाहीच. त्यांच्या मते तो फोटो दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या व्यापाऱ्याकडे पोचतो, आणि तसं झालेलंही आहे.

आता भावाचं. या बाबतीत मी थोडा आगाऊपणा केलेला आहे. जुन्या खोक्यांवर पेन्सिलीने दोन-तीन अक्षरं लिहिलेली असत. ती खरेदीची किंमत. व्यापारी दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एखादा शब्द ठरवतात. पहिलं अक्षर म्हणजे १, दुसरं २, असं करत दहावं म्हणजे शून्य. गिऱ्हाइकासमोर खोकं ठेवलं तरी त्याला काही कळत नाही. मी दिवसभर आकडे मोजणारी बाई. आठ-दहा खोकी पाहिल्यावर लक्षात आलं की शेवटी बहुतेक वेळा दोनच अक्षरं येतात. ती शून्य आणि पाच असणार. बाकीची महिनाभरात जुळली. एकदा पाण्याच्या पंपाचा भाव चाचांनी सांगितला आणि माझी नजर त्या पेन्सिलीच्या अक्षरांवर जरा जास्तच रेंगाळली. त्यांनी खोकं सावकाश उलटं केलं. म्हणाले, "ताई, वाचता येतं ना? मग हेही वाचा, हे खोकं ८६ सालापासून या फळीवर बसलंय. त्याचं भाडं कोण देणार?"

मी त्यानंतर त्यांच्याशी भाव केला नाही. खरेदी किती होती याला अर्थ नाही. ती रक्कम बँकेत ठेवली असती तर किती झाली असती, हे निदान मला तरी कळायला हवं होतं. तुम्हाला भाव करायचाच असेल तर चौथ्या-पाचव्या खेपेला, आणि दोन वस्तू एकत्र घेऊन. आणि बिल मागा. कच्चं का होईना, पण तारीख आणि पार्टचं नाव असलेलं. गाडी ५० वर्षांची झाली की २०२१च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. माझ्या गाडीला त्यासाठी २०२९ उजाडावं लागेल. तोपर्यंत कशात काय बसवलं त्याची फाइल आपल्याकडे असलेली बरी.

खोकं उघडल्यावर

जुना, न वापरलेला कंपनीचा माल मिळाला म्हणून डोळे झाकून घेऊ नका. धातू वाट बघतो, रबर बघत नाही.

वॉशर, डायफ्रॅम, होज, बुश, काहीही रबरी असेल तर ते दुमडा आणि वळणावर बारीक भेगा दिसतात का बघा. नख रुतवा. खूण लगेच भरून आली पाहिजे. राहिली तर ते रबर मेलेलं. ब्रेकचा वॉशर तीस वर्षं सीलबंद पाकिटात होता म्हणून मी कधीच वापरणार नाही. साइज त्याच्यावरून घ्या आणि ताजं किट बसवा. गाडीतल्या, टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या पंपाच्या डायफ्रॅमबद्दल (रबरी पडद्याबद्दल) तर आता जास्तच जपायला हवं. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि १९८०च्या सुमाराचा डायफ्रॅम त्या पेट्रोलसाठी बनवलेलाच नव्हता.

डेल्कोचे, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे, पॉइंट जुने चालतात. वरचं काळं पुसून घ्या. कंडेन्सर मात्र मीटर लावल्याशिवाय घेऊ नका. साधारण ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास दाखवायला हवा. जुन्या कंडेन्सरच्या आत ओल शिरते आणि गाडी गरम झाल्यावर नेमकी सिग्नलला बंद पडते, आणि आपण कार्ब्युरेटर खोलत बसतो. क्लच प्लेट घेताना दाते मोजा, रिव्हेट गंजलेत का बघा, लायनिंगवर तेलाचा डाग आहे का बघा. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतो. ते घासू नका, हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. तांब्याचे वॉशर मिळाले नाहीत तर जुनेच गॅसवर लाल करून पाण्यात टाका. तांबं मऊ होतं आणि परत बसतं. हे स्वयंपाकघरात करू शकता, घरात कुणी नसताना.

दरवाजाची हँडलं आणि लोगो बहुतेक मझाकचे, म्हणजे जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे. क्रोमखाली फोड आले असतील तर ते आतून कुजलंय, परत क्रोम चढवून काही होत नाही.

किंगपिनची, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं त्या पिनेची, गोष्ट मात्र सविस्तर सांगते, कारण त्यात माझे पैसे गेले आणि माझा हट्टही. चाचांकडे तेव्हा सेट नव्हता. म्हणाले, थांबा, महिनाभरात येईल. मी थांबले नाही. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या, एसी लावलेल्या दुकानातून सेट मागवला. चकचकीत, प्लॅस्टिकमध्ये बंद, वर कंपनीचं स्टिकर. बुश ठोकले, रीमर मारला, मेकॅनिकने बसवला. अडीच महिन्यांत पुढचं क्लिनर साइडचं चाक डुगडुगायला लागलं. काढून पाहिलं तर पिनेवर बांगडी बसल्यासारखी चर पडलेली. दुकानदार फोनवर म्हणाला, तुम्ही ग्रीसच केलं नसेल. मी दर हजार किलोमीटरला ग्रीसगन घेऊन गाडीखाली झोपणारी बाई!

ती पिन घेऊन चाचांकडे गेले. ते काही बोलले नाहीत. ड्रॉवरमधून बारीक कानस काढली आणि पिनेच्या टोकाच्या कडेवर एकदा ओढली. कर्रर्र करून लोखंडाचा चुरा पडला. मग स्वतःच्या एका जुन्या पिनेवर तीच कानस ओढली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली, ओरखडाही नाही. "हिला पाणी दिलेलं नाही. नुसती लेथवर काढून पॉलिश केली." पाणी देणं म्हणजे तापवून, बुडवून कडक करणं. तेव्हापासून किंगपिन, शाफ्ट, कडक असायला हवी अशी कुठलीही वस्तू आली की मी बसवण्याआधी टोकाच्या कडेला कानस लावते. जिथे बुश फिरतो तिथे नाही, टोकालाच. दुकानात करायचं असेल तर विचारून करा. नाही म्हणाला तर घेऊ नका. चाचांनी महिनाभरानंतर दिलेला सेट अजून गाडीत आहे.

बाहेरगावचे दुकानदार

नाशिकमध्ये नसेल ते मुंबईहून. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघायचं, व्हीटीला उतरायचं, ऑपेरा हाऊसकडच्या पार्टच्या दुकानांत फिरायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत. कॉलेजात असताना सुट्टीत मी अप्पांबरोबर जायची. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर शुक्रवारी जाऊ नका, तिथली दुकानं तेव्हा बंद असतात. पुण्याचा जुना बाजार बुधवार आणि रविवारचा. आपला गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बाजारही बुधवारचाच, त्यामुळे एकाच दिवशी दोन्हीकडे जमत नाही. गंगेवर पाने, कानशी, कधीतरी जुना जॅक मिळतो. पार्टच्या आशेने जाऊ नका, भाजी घ्यायला जा आणि नजर टाका.

ऑपेरा हाऊसच्या एका दुकानातले म्हातारे शेठ पहिल्यांदा आमच्याशी बोलायलाही तयार नव्हते. पेट्रोल पंपाचं किट मागितलं तर मान हलवली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "गाडी कुठे चालवता?" अप्पा म्हणाले, "रोज कसारा." "उन्हाळ्यात काय करता?" मी मध्येच बोलले, "पंपावर ओला पंचा टाकतो. बाटली माझ्या पायाशी असते." चढाला पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते, गाडी मरते, पंचा ओला करून पंपावर टाकला की पाच मिनिटांत परत चालू. घाट रोज चढणाऱ्यालाच हे ठाऊक असतं. शेठ मोठ्याने हसले आणि त्यांनी खालचा ड्रॉवर उघडला. किट तिथेच होतं, हाताच्या अंतरावर.

पुढे त्यांच्याशी सगळा व्यवहार पोस्टकार्डावर. अप्पांचं अक्षर वाईट म्हणून लिहायचं काम माझं. पंधरा पैशांचं कार्ड, एका कार्डावर एकच पार्ट. वर गाडीचं साल, मग पार्ट कार्डावर ठेवून भोवताली पेन्सिल फिरवायची, म्हणजे खऱ्या मापाचं चित्र तयार. भोकाचा व्यास शेजारी. खाली "माल असल्यास व्ही.पी.ने पाठवावा, नसल्यास कळवावे, आम्ही थांबू." हे "आम्ही थांबू" अप्पा मुद्दाम लिहायला लावायचे. व्ही.पी. आली की पोस्टमनला पैसे द्यायचे आणि त्याच्यासमोरच पार्सल हलवून बघायचं.

आज व्हॉट्सअॅप आहे, पण कायदा तोच. पार्टचे तीन फोटो काढा: वरून, बाजूने, आणि जिथे नंबर आहे तिथून. शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. फ्लॅश नको, आकडे पांढरे पडतात. उजेडात, तिरप्या उन्हात काढा. एका मेसेजमध्ये एक पार्ट. "अर्जंट" लिहू नका. व्हॉइस मेसेज जुन्या माणसांना चालतो, उलट त्यांना तो आवडतो. पैसे आधी मागितले तर थोडे द्या, बाकीचे बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर. जड पार्ट ट्रान्सपोर्टने मागवा आणि आडगाव नाक्याला जाऊन स्वतः सोडवा. काच मागवू नका, जाऊन आणा.

भंगार आणि लेथ

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुदत संपून रस्त्यावरून गेली. त्याआधी काही वर्षं टॅक्स्या भंगारात निघत होत्या तेव्हा कुर्ल्याला पार्टचा पूर होता. आम्ही तेव्हा घेतलं नाही, कारण स्वस्त होतं. माणूस असाच असतो. आता जुन्या वापरलेल्या पार्टमधून काचा, काच वर करायची मशीन, डॅशबोर्ड, गिअर लिव्हरच्या काड्या, डिकीचे बिजागर हे घ्यायला हरकत नाही. ब्रेक, स्टेअरिंगचे जॉइंट, किंगपिन भंगारातून कधीच नाही. टॅक्सीने दिवसरात्र काढलेली असते.

कुठेच मिळालं नाही तर सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीकडे वळा. आपल्या गावाला एवढे टर्नर मिळालेत त्याचा फायदा घ्या. व्हील सिलिंडरचा बोर खराब झाला असेल तर आत स्लीव्ह बसवता येते. बुश गनमेटलमध्ये निघतो. पॅकिंग कापून मिळतं. मात्र कारखान्याच्या गेटवर जाऊन विचारू नका, जुन्या पार्टवाल्याला विचारा की लेथ कुणाचा चांगला. त्याला माहीत असतं, कारण त्याच्याकडे न मिळालेल्या पार्टची सगळी गिऱ्हाइकं त्या लेथवरच जातात. त्याचं नाव घेऊन गेलात तर एक नग काढून मिळतो, नाहीतर "शंभर नग असतील तर बोला."

मुलं मला विचारतात की प्रीमियरचा एवढा माल नाशिकमध्ये कसा. काही विशेष नाही. अप्पा मात्र म्हणायचे, ही आपल्याच भागातली गाडी. वालचंद हिराचंदांनी प्रीमियर कंपनी १९४४मध्ये काढली, कारखाना कुर्ल्याला, पण त्यांचं रावळगाव मालेगाव तालुक्यातलं. अप्पा रावळगावच्या गोळ्या गाडीत ठेवायचे, घाटात पोरांना उलटी होऊ नये म्हणून, आणि सवारीला म्हणायचे, "गोळी पण त्यांचीच, गाडी पण त्यांचीच."

चाचांना जाऊन आता सहा वर्षं झाली. दुकान नातू बघतो. त्याला नव्या गाड्यांचं सगळं येतं, जुन्याचं येत नाही, पण त्याने आजोबांची खोकी वजनावर विकली नाहीत. मागच्या महिन्यात त्याने फोन केला, एक पार्ट सापडलाय, कशाचा ते कळेना. मी गेले. हातात घेतला, फिरवला, गप्प बसले. हँड गिअरच्या, म्हणजे स्टेअरिंगवरच्या गिअरच्या, लिव्हरच्या तळाशी बसणारी वाटी होती. तो म्हणाला, अजून वरती चार पेट्या आहेत, आजोबांनी दोरी बांधून ठेवलेल्या, कुणी उघडल्या नाहीत. मला क्लिनर साइडच्या मागच्या दिव्याची काच हवी आहे, आठ वर्षं झाली. दिवाळीच्या साफसफाईला पोटमाळा उघडणार आहेत. शिडी धरायला मी येते असं आत्ताच सांगून ठेवलंय, आणि जुनी, तडकलेली काच रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आहे.